मला कुठलं शहर मानवेल?

सोमवार, रात्री

ऑफिसचं पत्र आलं. जिथे जिथे आपली शाखा आहे त्यांपैकी कुठल्याही शहरातून काम करायला परवानगी, पसंती महिनाअखेरीपर्यंत कळवा. चार ओळींचा मजकूर. आजवर माझं शहर नेहमी दुसऱ्याच कुणीतरी ठरवलं. आधी आईवडिलांनी, मग प्रवेशयादीनं, मग पहिल्या नोकरीनं. मी फक्त सामान बांधलं. आता पहिल्यांदाच मला विचारतायत, तर मला काय हवंय ते धड सांगता येईना.

झोप येत नव्हती म्हणून एक चाचणी सोडवली, 'तुमच्या स्वभावाला साजेसं शहर कोणतं?' छापाची. पहिलाच प्रश्न: माणसांत रमता की एकटं राहायला आवडतं? मी इमानेइतबारे 'एकटं'वर बोट ठेवलं. पुढे डोंगर की समुद्र, संग्रहालय की बाजार, पहाट की मध्यरात्र. निकाल लागला: लहानसं, शांत, डोंगरातलं शहर. सोबत धुक्याचं चित्र.

लहान गावात राहिलेल्या कुणालाही हे वाचून हसू फुटेल. माणूसघाण्या माणसाला लहान गावात धाडायचं? तिथे उंबऱ्याबाहेर पाऊल पडलं की "काय, कुठं निघालात?" आणि परतताना "आज लवकर आलात?" खिडकी उघडलेली दिसली नाही की चौकशीला माणूस हजर. यात माया असते, नाही असं नाही. पण ती माया नको असेल तेव्हाही घ्यावी लागते. मोठ्या शहरात मी शेजारच्या दारावरची पाटी न वाचता वर्षं काढू शकते आणि त्याचं कुणाला काही वाटणार नाही.

गेऑर्ग झिमेल या बर्लिनच्या समाजशास्त्रज्ञानं १९०३ सालीच हे मांडून ठेवलंय. महानगरातला माणूस परक्यांशी तुटक वागतो, कारण दिवसभर आदळणाऱ्या इतक्या चेहऱ्यांना आणि आवाजांना मनापासून दाद देत बसला तर त्याचा जीव शिणून जाईल. म्हणून तो अलिप्तपणा पांघरतो, आणि त्याच अलिप्तपणात त्याला लहान गावात न मिळणारी मोकळीक सापडते. स्टॅन्ली मिलग्रम या मानसशास्त्रज्ञानं १९७० साली याला आकड्यांची जोड दिली. न्यूयॉर्कच्या उपनगरात, नासाऊ काउंटीत, कचेरीपासून दहा मिनिटांच्या टापूत एखाद्याला ११,००० माणसं भेटू शकतात. मॅनहॅटनच्या मध्यभागी तेवढ्याच दहा मिनिटांत २,२०,०००. एवढ्या माणसांत कोण कुणाला विचारतंय!

डोंगरातलं शहर बाद.

मंगळवार

ऑफिसात सगळ्यांच्या तोंडी एकच विषय. एकानं 'राहण्यास उत्तम शहरं' असली जागतिक क्रमवारी काढून आणली. इकॉनॉमिस्ट इंटेलिजन्स युनिटची यादी, १७३ शहरांची. २०२२ पासून सलग तीन वर्षं व्हिएन्ना पहिलं, २०२५ मध्ये कोपनहेगन वर. स्थैर्य, आरोग्यसेवा, संस्कृती-पर्यावरण, शिक्षण, पायाभूत सुविधा, असे गुणांचे पाच रकाने.

यादी खोटी नाही. पण अशा याद्यांचं एक मोठं गिऱ्हाईक म्हणजे परदेशी माणसं पाठवणाऱ्या कंपन्या. कर्मचाऱ्याला अमुक शहरात धाडलं तर त्याची किती गैरसोय होईल आणि त्यापोटी किती भत्ता द्यावा, हे त्यांना ठरवायचं असतं. राहण्याचा खर्च या क्रमवारीत धरलेलाच नाही. मी तर भाडं स्वतःच्या खिशातून भरणार आहे. शिवाय संध्याकाळी सहानंतर मला तिथे काय करावंसं वाटेल, हा रकाना कुठल्याच यादीत नाही.

गुरुवार

आज एक अभ्यास वाचला आणि त्या चाचणीची उरलीसुरली पत गेली.

मार्कस योकेला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेला. लंडन महानगरातल्या ५६,०००हून अधिक लोकांचे स्वभाव आणि आयुष्याबद्दलचं समाधान, दोन्ही त्यांनी टपाल विभागांनुसार मांडून पाहिलं. विभाग २१६. म्हणजे शहर एकच, सरकार एकच, पाऊसही जवळपास सारखाच. वेगळी फक्त वस्ती. ज्यांना नवेपणाची ओढ आहे, ते दाट वस्तीच्या आणि नाना वंशांची माणसं असलेल्या भागांत जास्त समाधानी निघाले. जिथे एकूणच समाधान कमी होतं, तिथे मनमिळाऊपणा आणि शिस्तशीरपणा यांचा समाधानाशी संबंध जास्त घट्ट होता. जागा आधार देत नसेल तिथे स्वभावालाच ओझं उचलावं लागत असेल, असा मी माझ्यापुरता अर्थ लावला.

खरी गंमत पुढे आहे. बहिर्मुखपणाचं काय? त्याचा समाधानाशी असलेला संबंध वस्तीनुसार बदललाच नाही. चाचणीनं मला सगळ्यात आधी जो प्रश्न विचारला, माणसांत रमता की एकटं, त्याचा वस्तीच्या निवडीला काडीचा उपयोग दिसत नाही. नवेपणाची भूक किती, हा प्रश्न मात्र कामाचा. तो चाचणीत 'संग्रहालय की बाजार' एवढ्यावर निपटला होता.

अर्थात आधी माणूस खूश होता म्हणून ती वस्ती परवडली, की वस्तीमुळे खूश झाला, हे असल्या अभ्यासातून पुरतं उलगडत नाही. माणसं आपल्याला साजेसा भाग शोधूनच राहायला जातात, तेही आलंच. तरी एक गोष्ट माझ्या मनात पक्की बसली. मी शहरांची नावं समोर घेऊन बसले होते आणि राहणार आहे मी एका गल्लीत.

मग मला नवेपणाची भूक आहे का? कागदावर भरपूर. प्रत्यक्षात मी वर्षानुवर्षं एकाच रस्त्यानं जाते, वाचनालयात त्याच कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसते आणि तिथे दुसरं कुणी बसलेलं दिसलं की मनातल्या मनात चिडते. रोज नवं काही घडणाऱ्या भागाचं जास्तीचं भाडं मी का भरू?

शुक्रवार

ताईचा फोन. तिला सगळं सांगितलं. तिचा निकाल तयारच होता.

"अगं, समुद्राकाठचं शहर घे. तुला समुद्र किती आवडतो!"

"आवडतो. पण बघायला जाते तेव्हा आवडतो, ताई."

तिला कॅलिफोर्नियाचा किस्सा सांगितला. डेव्हिड शकाडे आणि डॅनियल कानेमन यांनी १९९८ साली अमेरिकेच्या मिडवेस्ट भागातल्या आणि कॅलिफोर्नियातल्या विद्यार्थ्यांना विचारलं, तुम्ही आयुष्यात किती समाधानी आहात. दोन्हीकडचं उत्तर जवळपास सारखं आलं. पण तुमच्यासारखाच कुणी तिकडच्या भागात असेल तर तो किती समाधानी असेल, असं विचारल्यावर दोन्हीकडच्यांनी कॅलिफोर्नियाला झुकतं माप दिलं. ऊन, हवा, समुद्र डोळ्यांपुढे आले आणि परीक्षा, भांडणं, पैशांची ओढाताण नजरेआड झाली. दुरून डोंगर साजरे, ते समुद्रालाही लागू.

ताई ऐकून घेणारी नव्हे. "म्हणजे हवेनं काही फरकच पडत नाही म्हणतेस? मग पावसाळ्यात आठवडाभर ऊन पडलं नाही की तुझा चेहरा का उतरतो?"

इथे मात्र तिचं बरोबर होतं. सुंदर हवा आणि शरीराला सोसणारी हवा या दोन वेगळ्या गोष्टी. हेलसिंकीला डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात दिवस सहा तासांचाही नसतो. विषुववृत्ताजवळच्या कीटोला बाराही महिने दिवस जवळजवळ बारा तासांचाच. हिवाळ्यात दर वर्षी ठरल्यासारखं येणारं नैराश्य नॉर्मन रोझेंथल यांनी १९८४ साली वर्णन केलं, आणि प्रकाशाची कमतरता हे त्याचं मोठं कारण मानलं जातं. समुद्र दिसतो की नाही याची आपल्याला सवय होऊन जाते. उजेड कमी पडला तर काहींच्या शरीराला ती सवय होत नाही. ऑफिसच्या यादीत एक शहर बरंच उत्तरेला आहे. देखणं आहे, शिस्तीचं आहे, सगळे त्याचीच स्वप्नं बघतायत. माझ्यापुरतं तेही बाद.

फोन ठेवता ठेवता ताईनं विचारलं, "आणि ताप आला तर कोण येणार बघायला? तुझा तो अलिप्तपणा?"

उत्तर सुचलं नाही.

शनिवार

आज घरीच. तक्ते, याद्या सगळं बाजूला ठेवलं आणि गेल्या आठवड्यातला एक साधा कामाचा दिवस तासागणिक लिहून काढला. सुट्टीचा दिवस मुद्दाम घेतला नाही. सुट्टीत आपण फार शहाणे, उत्साही आणि हौशी असतो. त्या माणसासाठी शहर निवडलं तर कामाच्या दिवशी ते अंगावर येतं.

कागद भरल्यावर दिसलं की माझा दिवस दोन ठिकाणी बिघडतो: वाटेत आणि रात्री.

वाटेचं म्हणाल तर चेझारे मार्केटी या इटालियन शास्त्रज्ञानं १९९४ साली मांडलं होतं की वाहन कुठलंही असो, माणूस रोजच्या प्रवासाला सरासरी तासभर देतो. चालत जाणाऱ्यांच्या काळी शहरं तेवढ्यात मावायची, आगगाडी आणि मोटार आल्यावर तेवढ्याच तासात लांबवर पसरली. माझा तास कधीच ओलांडून गेलाय. ब्रुनो फ्राय आणि अलोइस स्टुट्झर यांनी जर्मनीतली आकडेवारी तपासली तेव्हा ऑफिसला जायला जास्त वेळ लागणारी माणसं कमी समाधानी आढळली. अर्थशास्त्राच्या हिशेबानं चांगल्या पगारातून किंवा स्वस्त घरातून ती भरपाई व्हायला हवी होती, ती होत नव्हती. मला वाटतं घर बघताना आपण खोल्या मोजतो, कारण त्या दिसतात. रोज संध्याकाळी उभ्यानं काढायचा वेळ दाखवायला घरमालक नेत नाही.

रात्रीचं जरा सविस्तर. काल झोपायच्या आधी फोनवरचं आवाज मोजायचं ॲप लावून खिडकीशी बसले. रस्ता रिकामा असताना काटा चाळिशीत रेंगाळत होता. मग बस आली. थांब्यावर ब्रेकमधून हवा सुटताना जो 'फुस्स' आवाज होतो, त्याला काटा टुणकन सत्तरीपार. बस गेली तरी मागे एक दुचाकी, तिच्यामागे कचऱ्याची गाडी. जागतिक आरोग्य संघटनेनं युरोपसाठी २०१८ साली सुचवलेली रस्त्यावरच्या रहदारीची रात्रीची मर्यादा सरासरी ४५ डेसिबल आहे, तीही घराबाहेर मोजलेली. माझं ॲप काही प्रयोगशाळेतलं यंत्र नव्हे आणि घटकाभराचं मोजमाप म्हणजे रात्रभराची सरासरीही नव्हे. पण आपण चिडचिडे झालोय हे वयाच्या खात्यावर टाकत होते, ते आता बसच्या खात्यावर टाकायला हरकत नाही.

आणि ही बस शहराची नाहीच, या एका रस्त्याची आहे. मागच्या गल्लीत तिचा मागमूसही नसेल.

वेगाबद्दलही वाचलं. रॉबर्ट लव्हीन यांनी ३१ देशांतल्या मोठ्या शहरांत तीन गोष्टी मोजल्या: माणसं किती झपाझप चालतात, टपाल कचेरीत एक तिकीट द्यायला कारकून किती वेळ घेतो आणि बँकेतलं घड्याळ कितपत बरोबर असतं. (घड्याळाची कल्पना मला फार आवडली.) स्वित्झर्लंड सगळ्यात वेगवान, मेक्सिको सगळ्यात निवांत. वेगवान ठिकाणी हृदयविकाराचे मृत्यू जास्त, आणि तरी लोक स्वतःला जास्त सुखी म्हणवतात. घाईच्या शहरांना नावं ठेवणाऱ्यांनी यावर काय म्हणावं कोण जाणे. मी स्वतः भरभर चालते. फुटपाथवर पुढे रमतगमत चालणारं माणूस आलं की माझा जीव वरखाली होतो, त्यामुळे निवांत शहरात मीच सगळ्यांना ताप होईन.

रविवार

पसंती लिहून टाकली. मोठं शहर, नदीकाठचं. चाचणीच्या मते माझ्या स्वभावाच्या अगदी उलट. उजेड पुरेसा, गर्दी भरपूर, कुणी कुणाला विचारत नाही. पण माझ्या अटी शहराला नाहीत, घराला आहेत: ऑफिस चालत गाठता यावं, त्यासाठी एक खोली कमी चालेल, झोपायची खोली मागच्या अंगाला असावी, बसचा थांबा जवळ असावा पण खिडकीखाली नसावा. पहिले काही महिने भाड्यानंच राहायचं, आणि घर रात्री अकराला जाऊन बघायचं. दुपारी सगळीच घरं शांत असतात.

ताईच्या प्रश्नासाठी एक अट वाढवली. ओळखीचं एक तरी दार पायी जाण्याच्या अंतरावर हवं. पूर्वी माझ्याच विभागात असलेली एक मैत्रीण आता तिथेच असते. तिला संध्याकाळी मेसेज केला, तू राहतेस तो भाग कसा आहे? तिनं आधी विचारलं, कुणासाठी? मी म्हटलं, माझ्यासाठी. त्यावर तिचा फोनच आला. आमची गल्ली चांगली आहे, पण शाळेसमोरची इमारत घेऊ नकोस, सकाळी सातला बँडचा सराव असतो, म्हणाली. ती इमारत सोडून आणखी दोन घरं रिकामी आहेत. त्यांतल्या एकाच्या मालकाचा नंबर ती उद्या पाठवणार आहे.