पन्नासपर्यंत येतं, पण “पाच दे” म्हटलं की?

मी लहान मुलांना शिकवते हे कळलं की आईबाबांचा एक प्रश्न हमखास येतो. “आमची मुलगी साडेतीन वर्षांची आहे, पन्नासपर्यंत अंक घडाघडा म्हणते. आता शंभरपर्यंत घ्यायचं, की बेरीज सुरू करायची?” तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून जरा सविस्तर सांगते.

आधी एक करून बघा. तिच्यासमोर दहा-बारा बटणं ठेवा आणि म्हणा, “मला पाच दे.” अंक घडाघडा म्हणणारी पुष्कळ मुलं इथे मूठभर बटणं उचलून तुमच्या हातावर ठेवतात. काही जण चार बटणं बोट लावून नीट मोजतात, पण “मग किती आहेत?” विचारलं की पुन्हा एकपासून सुरू करतात. त्यांच्या लेखी “किती?” म्हणजे “मोजून दाखव”. शेवटी उच्चारलेला शब्द म्हणजे सगळी मिळून किती, हे अजून उमगलेलं नसतं. यात काळजीचं काही नाही. आधी “एक दे” नेमकं कळतं, काही महिन्यांनी “दोन दे”, आणखी काही महिन्यांनी “तीन दे”. त्याच्या थोडं पुढे गेलं की मोजण्याचं मर्मच कळतं आणि मूल मागाल तितकी मोजून देऊ लागतं. मानसशास्त्रज्ञ कॅरन विन यांनी १९९० च्या सुमारास मुलांना असंच “इतके दे” सांगून हा क्रम दाखवला. नुसत्या पाठांतराने हा टप्पा लवकर आलेला मी तरी पाहिलेला नाही.

म्हणून माझं उत्तर असं, की शंभर नको आणि बेरीजही नको. पाच पक्के होऊ देत. पाचाच्या आत खूप काही आहे.

माझा सगळ्यात लाडका खेळ बाहुल्यांचा. खोलीच्या एका टोकाला पाच बाहुल्या बसवायच्या, दुसऱ्या टोकाला बाटल्यांच्या झाकणांचा ढीग. प्रत्येक बाहुलीला एक टोपी हवी. ढीग बाहुल्यांच्या शेजारीच असेल तर मूल एकेक टोपी घालत जातं, आकड्याची गरजच पडत नाही. गंमत पुढे आहे. ढीग लांब ठेवा आणि अट घाला: “एकाच फेरीत आण, एकही कमी नको, एकही जास्त नको.” आता बाहुल्या किती आहेत हे डोक्यात धरून न्यावंच लागतं. पहिले काही दिवस ओंजळभर झाकणं येतात. आपण गप्प राहायचं. तीन टोप्या उरल्या हे मुलाला स्वतःलाच दिसतं. मग एके दिवशी ते निघण्यापूर्वी थबकतं, बाहुल्यांकडे बोट करत पुटपुटतं आणि तोंडाने “पाच, पाच, पाच” घोकत पळत सुटतं. आकडा कशासाठी असतो, हे त्याला त्या क्षणी कळलेलं असतं. हा क्षण मी कितीतरी वेळा पाहिला आहे, तरी दर वेळी भरून येतं.

दुसरा खेळ न मोजता ओळखण्याचा. अर्थशास्त्रज्ञ विल्यम जेव्हन्स यांनी १८७१ मध्ये स्वतःवरच एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. मूठभर दाणे डबीत टाकायचे आणि एका दृष्टिक्षेपात आकडा सांगायचा. तीन आणि चार दाण्यांना त्यांची एकदाही चूक झाली नाही. पाचपासून व्हायला लागली. मोठ्या माणसाचीही नजर तिथेच अडते, मग पाच-सहा दिसतात ते गटांमुळे. म्हणून कार्डावर ठिपके काढा, क्षणभर दाखवून झाका आणि “किती?” बरोबर “तुला कसे दिसले?” हेही विचारा. एक मूल म्हणेल “दोन नि दोन, मधे एक”, दुसरं म्हणेल “तीन नि दोन”. बेरीज सुरू झाली की, चिन्हं न काढता! पाच बटणांतली काही वाटीखाली लपवून “आत किती?” विचारणं हाही त्यातलाच खेळ. वाटी उचलल्यावर आत काहीच निघालं नाही की मुलं खिदळतात, आणि शून्याशी ओळख होते.

पटाचा खेळ जरूर घ्या, पण साप-शिडी नंतर. आधी एका सरळ रेषेत १ ते १० घरं आणि फक्त १ किंवा २ पडेल अशी चकती. सोंगटी ४ वर असताना २ पडले तर “एक, दोन” म्हणायचं नाही, घरातले आकडे म्हणायचे: “पाच, सहा”. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट सीगलर आणि गीता रमाणी यांनी २००८ मध्ये बालवाडीच्या वयाच्या मुलांना दोन आठवड्यांत पंधरा-पंधरा मिनिटांच्या चार बैठकांत असा पट खेळायला दिला. कोणता आकडा मोठा आणि तो रेषेवर कुठे येतो, हे त्या मुलांना चांगलं जमू लागलं. आकड्यांऐवजी नुसत्या रंगांच्या घरांवर खेळलेल्यांत तो फरक पडला नाही.

दहाच्या पुढे मराठी मुलांना जास्त मदत लागते. पंचवीस म्हणताना पाच आधी येतो, लिहिताना दोन; आणि एकोणतीसमध्ये तर नऊ ऐकूच येत नाही. तेव्हा काड्यांचे दहा-दहाचे जुडगे बांधून हातात द्या, मगच अंक लिहायला घ्या.

बोटांवर मोजत असेल तर मोजू द्या. उत्तर चुकलं तर लगेच दुरुस्त करू नका, “कसं मोजलंस?” विचारा. आणि दहा मिनिटं पुरे. तिला अजून खेळायचं असतानाच बटणं डब्यात भरा, म्हणजे उद्या तीच तो डबा घेऊन येईल.