सातवं काडतूस

फिनिक्समध्ये फेब्रुवारी उजाडला की आमच्या दुकानात दिवाळी असते. शहराच्या उत्तरेला बेन एव्हरीच्या मैदानावर ‘विंटर रेंज’ भरते, काउबॉय नेमबाजीची राष्ट्रीय स्पर्धा. देशभरातून माणसं येतात. डोक्यावर हॅट, कमरेला दोन रिव्हॉल्व्हर, हातात खालचा दांडा, म्हणजे लिव्हर, ओढून चालवायची रायफल, शिवाय एक शॉटगन. प्रत्येकाचं एक नोंदवलेलं टोपणनाव असतं, आणि ते दुसऱ्या कुणाला मिळत नाही. म्हणूनच खाली ज्यांची गोष्ट सांगतोय त्यांचं टोपणनाव मी देत नाही. त्यांना ‘आजोबा’ म्हणू.

मी मूळचा पिंपरीच्या टूलरूममधला. बायकोमागे इकडे आलो, ग्रीन कार्ड झालं, आणि लेथवर हात बसलेला म्हणून या बंदूक दुरुस्तीच्या दुकानात लागलो. आईला मी ‘जुनी मशिनं दुरुस्त करतो’ एवढंच सांगितलंय. तसं ते खोटंही नाही.

स्पर्धेच्या आदल्या आठवड्यातली संध्याकाळ. आजोबा रिकाम्या हातांनी आत आले, हॅट काढली आणि म्हणाले, “रायफल गाडीत आहे. आत आणू का, ते विचारायला आलोय. भरलेली आहे आणि रिकामी होत नाही.”

मालकानं काही न बोलता दारावरची पाटी उलटी केली आणि दोन गिऱ्हाइकांना मागच्या दारानं बाहेर काढलं. मग मी गाडीशी गेलो.

१८७३ सालच्या विंचेस्टर रायफलीची नक्कल. अस्सल मॉडेल अमेरिकेतल्या न्यू हेवनच्या कारखान्यात सात लाखांवर बनलं, पण चांगल्या स्थितीतली अस्सल रायफल आज स्पर्धेत रगडायला कोण काढेल? त्यामुळे मैदानावर दिसतात त्या नकलाच. बऱ्याचशा इटलीतल्या गार्दोने व्हाल त्रोंपियाच्या खोऱ्यातून येतात, काही जपानमधून. न्यू हेवनचा कारखाना २००६ मध्ये बंद पडला, आणि आता अमेरिकन काउबॉयची रायफल जपानी आणि इटालियन माणसं घडवतात, दुरुस्त पिंपरीचा करतो. आजोबांकडे अशा सहा. पितळी अंगाची १८६६ तर त्यांनी मला एकदा हातात धरायला दिली होती, बारशातल्या बाळासारखी.

लिव्हर पाऊण उघडून अडकली होती, पुढेही नाही, मागेही नाही. घोडा चढलेला. आजोबांनी रबरी हातोडीनं दोन टोले घातल्याचंही कबूल केलं. कोपऱ्यात वाळूचं पिंप ठेवलेलं असतं, त्यात नळीचं तोंड खुपसलं आणि वरच्या उघड्या खाचेतून टॉर्च मारला. चेंबर, म्हणजे नळीच्या बुडाची काडतुसाची जागा, रिकामं; उडालेली पुंगळी मागेपुढे सरकणाऱ्या बोल्टच्या तोंडाशी लटकलेली. जीव अर्धा भांड्यात पडला. अर्धाच, कारण बाकीची काडतुसं आतच होती.

“किती भरली होती?”

“दहा. तीन बार काढले.”

म्हणजे सात शिल्लक. एक उचलणीच्या ठोकळ्यात, सहा नळीखालच्या नळकांड्यात.

हा ठोकळा म्हणजे या रायफलीचं पोट. पितळेचा, काडीपेटीएवढा. नळकांड्यातून स्प्रिंगच्या जोरावर एक काडतूस मागे सरकून त्यात येतं, लिव्हर पूर्ण उघडली की ठोकळा लिफ्टसारखा वर जातो आणि काडतूस नळीसमोर आणतो. ठोकळ्याची लांबी बरोबर एका काडतुसाएवढी. पुढच्याला थांबवायला वेगळी कडी नाही, ठोकळ्यातलं काडतूसच त्याला अडवून धरतं. १८७३ साली ते चाललं, कारण रायफल एकाच काडतुसासाठी बनवली होती.

बाजूच्या पट्ट्या एका स्क्रूवर निघतात, आणि हात तिकडेच शिवशिवत होता. पण आतले सांधे मोकळे करण्याआधी दारूगोळा बाहेर हवा. म्हणून पुढून सुरुवात केली. नळकांड्याच्या टोकाचा बारीक स्क्रू काढला, अंगठ्यानं दाबून धरत बूच सोडलं, हातभर स्प्रिंग बाहेर आली. रायफल तिरकी केली. एक, दोन, तीन, चार, पाच काडतुसं एकामागोमाग फडक्यावर घरंगळली.

सहावं येईना.

दुपारच्या चायनीज डब्यातली एक चॉपस्टिक टेबलावर पडली होती. तीच वरून ठोकळ्यावर टेकवली आणि खाली दाबत लिव्हर केसभर मागे-पुढे हलवत राहिलो. आजोबा दारापाशी हॅट दोन्ही हातांत धरून उभे होते. टक्. सहावं काडतूस माझ्या तळहातावर आलं. त्याच्या बुडाच्या कडेवर ठोकळ्यानं नखाएवढी चंद्रकोर उमटवली होती. मधली टिकली, जिच्यावर आघात झाला की बार उडतो, तिथून तीन-चार मिलिमीटरवर. हातोडीचा आणखी एक टोला घातला असता तर काय, हे मी त्यांना बोलून दाखवलं नाही.

मग लिव्हर लोण्यासारखी उघडली, पुंगळी उडाली आणि ठोकळ्यानं आपल्यातलं, म्हणजे चौथ्या बाराचं, काडतूस वर आणलं. मी ते इतरांशेजारी उभं केलं. बुटकं. व्हर्नियर लावला. बाकीची ४०.४ मिलिमीटर, हे ३५.९.

रायफल ‘पॉइंट पंचेचाळीस कोल्ट’ या काडतुसाची, आणि तिच्यात ‘पंचेचाळीस स्कोफिल्ड’ नावाचं तेवढ्याच जाडीचं पण आखूड काडतूस गेलं होतं. धक्का कमी बसतो म्हणून आजोबा ते रिव्हॉल्व्हरसाठी घरीच भरतात. रिव्हॉल्व्हरमध्ये ते बिनबोभाट चालतं. इथे मात्र उरलेल्या जागेत मागचं काडतूस डोकावलं आणि लिफ्टच्या दारात पाय अडकावा तसा ठोकळा अडकला.

आजोबांना इटालियनांचा दोष हवा होता, ते चेहऱ्यावर दिसत होतं. पण इटालियनांनी फक्त इमानेइतबारे नक्कल केली होती, दीडशे वर्षांपूर्वीच्या खोडीसकट.

त्यांनी बोटांवर उलटं मोजलं. आधी भरलेलं शेवटी येतं, म्हणजे चौथं उडणारं ते सातवं भरलेलं. “सातव्याच्या वेळी शेजारचा माझ्या गुडघ्याची चौकशी करत होता,” ते म्हणाले. मग थोड्या वेळानं, “पंचवीस वर्षं स्वतः काडतुसं भरतोय. मोतीबिंदूचं ऑपरेशन पुढे ढकललं, स्पर्धा आहे म्हणून.”

मी ॲल्युमिनियमच्या तुकड्यात ठोकळ्याच्या मापाची खाच कापली. काडतूस नीट बसलं तर रायफलीत, खुळखुळलं तर रिव्हॉल्व्हरमध्ये. डोळ्यांची गरज नाही, कानांनी कळतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते सगळा साठा घेऊन आले आणि माझ्याच बाकावर बसून एकेक काडतूस खाचेत टाकून हलवत राहिले. दुपारपर्यंत दुकानात तेवढाच आवाज. चारशेत अकरा निघाली.