गाय धडधाकट, वासरू आडवं

अमेरिकेतल्या दक्षिण इंडियानात ऑक्टोबरच्या सुरुवातीला ‘जनावरं थरथरतायत’ असा फोन आला की पशुवैद्याने सगळ्यात आधी एकच विचारायचं: रानाकडचं फाटक उघडं होतं का? त्या दिवशी उत्तर आलं, हो, तीन आठवड्यांपासून. उन्हाळा कोरडा गेला होता, कुरण खुरटलं होतं, म्हणून दोन भाकड कालवडी आणि एक दुभती गाय झाडीत चरायला सोडली होती.

दोन्ही कालवडी पाय फाकवून, पाठ वर काढून उभ्या होत्या. थरथर फक्त नाकपुड्यांशी आणि मांड्यांवर दिसत होती. दहा पावलं चालवल्यावर मात्र सगळं अंग लटपटायला लागलं आणि एक तर पुढच्या गुडघ्यांवर आली. इथे जनावराला हाकलायचं नाही. स्नायू आधीच सडायला लागलेले असतात, जास्त चालवलं तर तिथेच कोसळून मरतं. ताप नव्हता. शेण सुकं, गोळ्या-गोळ्यांचं. तोंडाजवळ नाक नेलं की नेलपॉलिश पुसायच्या द्रवासारखा गोडसर वास, म्हणजे ॲसिटोन. लघवीची पट्टी कीटोनने गडद जांभळी झाली.

एवढ्यावर निदान ठरत नाही. मॅग्नेशियम घटलं तरी जनावर थरथरतं, आणि रेबीजचा विचार तर कायम मनात ठेवावा लागतो. पण शेजारच्या खणात 12 दिवसांचं वासरू आडवं पडलं होतं. त्याला उठवत नव्हतं आणि अंगाला तीच थरथर होती. वासराच्या बाबतीत सेलेनियमच्या कमतरतेने स्नायू पांढरे पडतात, तीही शंका असते, म्हणून रक्त घेतलंच. पण या वासराने अजून गवताला तोंड लावलेलं नव्हतं. त्याच्या पोटात फक्त आईचं दूध गेलं होतं. आणि ती आई, दुभती गाय, अगदी धडधाकट होती. डोळे तेजदार, रवंथ चालू, सकाळी भरपूर दूध दिलेलं. त्या दुधाची किटली स्वयंपाकघरात होती.

रानाच्या कडेला झाडाच्या सावलीत कमरेएवढी रोपं उभी होती: समोरासमोर पानं, कडा दातेरी, पानाच्या देठाशी तीन ठळक शिरा, शेंड्यावर शुभ्र बारीक फुलांचे झुबके. कोकणात, घाटात रानमोडी पाहिलेल्यांना ते झुबके ओळखीचे वाटतील. दोन्ही वनस्पती पूर्वी एकाच प्रजातीत, युपॅटोरियममध्ये मोडत. हिचं नाव व्हाइट स्नेकरूट. बरेच शेंडे खुडलेले होते. वजनाच्या एक-दोन टक्के पाला थोड्या दिवसांत पोटात गेला तरी पुरतो. म्हणजे 300 किलोच्या कालवडीला 3 ते 6 किलो. पण विषाचं प्रमाण रोपागणिक बदलतं, त्यामुळे या आकड्याच्या भरवशावर राहू नये. रोज थोडं थोडं खाल्लं तरी ते साठत जातं. वाळलेल्या चाऱ्यातही विष पूर्ण मरत नाही.

खरी गोष्ट पुढे आहे. हे विष, ट्रेमेटॉल, चरबीत विरघळतं आणि दुधावाटे बाहेर पडतं. दुभत्या गाईच्या अंगातून ते रोज निघून जातं, म्हणून ती निरोगी दिसते. थरथरतात ती भाकड जनावरं, आणि मरतात ती तिचं दूध पिणारी वासरं आणि माणसं. लोणीही तितकंच घातक. दूध उकळलं की धोका टळला, ही आपल्याकडची घरोघरची खात्री इथे कामाची नाही. हे जंतू नव्हेत, उकळून त्याचा भरवसा धरता येत नाही.

म्हणून औषधाच्या आधी किटली ओतून टाकली आणि घरातल्या सगळ्यांना त्याच दिवशी डॉक्टरकडे पाठवलं. मग वासराला नळीने विष शोषून घेणारा सक्रिय कोळसा, वजनाच्या किलोमागे साधारण 1 ग्रॅम, पाण्यात कालवून दिला. शिरेतून सलाइन आणि ग्लुकोज लावलं, खाली जाड पेंढा घातला आणि दूध दुसऱ्या गोठ्यातून आणलं. कालवडींनाही कोळसा दिला, जागच्या जागी चारा-पाणी ठेवलं. याला उतारा नाही. गाईची धार काढत राहायची, कारण विष तिथूनच निघतं, पण ते दूध कुत्र्या-मांजरालाही घालायचं नाही.

त्या गोठ्यापासून गाडीने अर्ध्या तासावर लिंकन सिटी आहे. पूर्वी तिथे लिटल पिजन क्रीकची वस्ती होती. त्या वस्तीत 5 ऑक्टोबर 1818 रोजी नॅन्सी हँक्स लिंकन, म्हणजे पुढे अमेरिकेचा अध्यक्ष झालेल्या अब्राहम लिंकनची आई, अशाच दुधाने गेली.

तिचा जन्म 1784 च्या सुमाराचा, व्हर्जिनियातला. 12 जून 1806 ला केंटकीत वॉशिंग्टन काउंटीत थॉमस लिंकनशी लग्न झालं. त्याआधी दोन दिवस थॉमसने आणि जामीन राहिलेल्या रिचर्ड बेरीने 50 पौंडांचा विवाहबंध, म्हणजे लग्नाला कायद्याची आडकाठी नाही अशी हमी, लिहून दिला होता. हा कागद कितीतरी वर्षं सापडला नाही, कारण शोधणारे हार्डिन काउंटीच्या दप्तरात बघत होते. तेवढ्या काळात तिच्या लग्नाबद्दल लोक वाटेल ते बोलले. 1878 मध्ये तो वॉशिंग्टन काउंटीच्या दप्तरात मिळाला. तीन मुलं झाली: 1807 मध्ये सारा, 12 फेब्रुवारी 1809 ला अब्राहम, आणि तान्हेपणीच गेलेला थॉमस. केंटकीतली जमीन विकताना खतावर तिने सहीच्या जागी फुली केली आहे. शिरगणतीत तर तिचं नावच नाही. 1840 पर्यंत फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव लिहीत आणि बाकीची माणसं वयाच्या रकान्यात आकडा म्हणून मोजत.

1816 च्या डिसेंबरात हे कुटुंब ओहायो नदी ओलांडून इंडियानात आलं. जमीन 160 एकर, सरकारी भाव एकरी 2 डॉलर, आणि त्यावर दाट जंगल. झाडं तोडायची, मका लावायचा, गुरं मात्र रानात मोकळी. कुंपण पिकाभोवती घालायचं, गुरांभोवती नव्हे, अशीच तिथली रीत. तेव्हा व्हाइट स्नेकरूट गाईच्या तोंडाशीच होतं. लोक या आजाराला ‘मिल्क सिक’ म्हणत. दुधाशी संबंध आहे हे त्यांना कळलेलं होतं. पण कोणत्या गाईचं दूध टाकायचं, हे कसं ओळखणार? गाय तर धडधाकट दिसत होती. नव्या मुलखात एक दुभती गाय म्हणजे निम्मा संसार, ती नुसत्या संशयावरून कोण सोडेल?

1818 च्या शरदात आधी जवळच्या खोपटात राहणारे तिची मावशी एलिझाबेथ आणि मावशीचा नवरा थॉमस स्पॅरो आजारी पडले. नॅन्सीने त्यांची शुश्रूषा केली. तेही गेले, एक शेजारीणही गेली. मग ती स्वतः पडली. या आजारात आधी भूक जाते, हातापायातली ताकद जाते, मग उलट्या, कडक बद्धकोष्ठ, अनावर तहान, सुजलेली जीभ, श्वासाला तोच ॲसिटोनचा वास, आणि शेवटी शुद्ध हरपते. सगळ्यात जवळचा डॉक्टर 35 मैलांवर होता, असं नात्यातल्या डेनिस हँक्सने पुढे सांगितलं. डॉक्टर आला असता तरी त्याला काही करता आलं नसतं. साधारण आठवड्यात ती गेली. थॉमसने फळ्या कापून शवपेटी केली, आणि तिच्या लाकडी खुंट्या नऊ वर्षांच्या अब्राहमने तासल्या, असं सांगतात.

दक्षिण इलिनॉयमध्ये ॲना बिक्सबी या सुईणीला शॉनी या मूळनिवासी जमातीतल्या एका बाईने हे रोप दाखवल्याची कथा आजही सांगितली जाते. शास्त्राला मात्र 1920 च्या दशकापर्यंत थांबावं लागलं. तेव्हा कुठे अमेरिकेच्या कृषी खात्याच्या जेम्स काउचने ट्रेमेटॉल वेगळं केलं. आता दूध शेकडो गाईंचं एकत्र होतं, विष पातळ होतं, म्हणून हा आजार माणसांत जवळजवळ दिसत नाही. एकाच गाईचं दूध पिणाऱ्या घराला ही सोय नसते.

चौथ्या दिवशी प्रयोगशाळेचा अहवाल आला. वासराच्या रक्तात स्नायूंच्या झिजेचं एन्झाइम, सीके, खूप चढलेलं होतं आणि सेलेनियम ठीक होतं. कालवडीच्या लघवीत ट्रेमेटोन, म्हणजे ट्रेमेटॉलमधलाच एक घटक, मिळालं. वासरू त्याआधीच, दुसऱ्या रात्री मेलं होतं. कालवडी तगल्या. घरातल्या माणसांना काही झालं नव्हतं. त्यांनी ते दूध तीनच दिवस आणि थोडंच घेतलं होतं.

नॅन्सीची कबर 61 वर्षं जवळजवळ बेवारस होती. आज तिथे असलेला दगड 1879 मध्ये साउथ बेंडच्या पीटर स्टुडबेकर या घोडागाड्यांच्या कारखानदाराच्या पैशाने बसला. त्यावर वय 35 कोरलं आहे. 1784 चा जन्म धरला तर ते 34 भरतं.