ताप पाहिजे होता

सकाळी थर्मामीटर लावला, 98.4 आला, आणि मला वाईट वाटलं. म्हणजे खरंच वाईट वाटलं, डोळ्यात पाणी यायचंच बाकी होतं. झटकून परत लावला. तेवढाच. आई दारात उभी होती, म्हणाली, "न्हाई गे ताप, उठ, आंघोळ कर, डबा झालाय." उठले, केली, गेले.

पण दिवसभर डोक्यात तेच. ताप नाही म्हणून कुणाला वाईट वाटतं? गणिताच्या पेपरादिवशी शाळेतल्या पोरांना. मी चाळिशीला टेकलेली बाई आणि मला ताप पाहिजे होता, फार नको, 101 चालला असता, दोन दिवस पांघरूण घेऊन पडता येईल आणि फोन आला तर झोपलीय म्हणून आईनं सांगावं एवढाच.

काम काय नवीन नाही. बेळगावच्या उद्यमबागेत, कारखान्यात, इतकी वर्षं कास्टिंगच, म्हणजे ओतीव भागच, तपासत आलेय, ब्लोहोल, बोअर, गेज, रिपोर्ट. मार्च संपला की हलकं होतं असं दरवर्षी म्हणतात, मग एप्रिलमध्ये ऑडिट, मग दोघं सोडून गेले आणि त्यांचं काम माझ्याकडं, तात्पुरतं. तात्पुरतं! ते लिहायला बसले तर रात्र जाईल.

आधी वाटलं रक्त कमी असेल. दिदीच्या हट्टापायी हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी ट्वेल्व्ह सगळं करून घेतलं, सगळं नॉर्मल, आणि तेव्हापण मला थोडं वाईटच वाटलं होतं, हे आत्ता लिहिताना आठवतंय.

मग मोबाईलवर वाचत बसले. बर्नआउट. न्यूयॉर्कमधल्या एका फुकट दवाखान्यात राबणारी माणसं बघून फ्रॉइडनबर्गर नावाच्या मानसशास्त्रज्ञानं 1974 ला यावर लिहिलं, तो स्वतःच तिथं आपलं काम संपवून रात्री राबायला जायचा म्हणे. जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 मध्ये याच्या तीन खुणा सांगितल्या, शक्ती संपल्यासारखं वाटणं, कामातून मन उडणं नाहीतर कामाबद्दल कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटणं. आणि वर स्पष्ट लिहिलंय की हा आजार नव्हे, कामाच्या ठिकाणचा ताण बरेच दिवस आवरला गेला नाही की होतं ते. घ्या! म्हणजे जिनिव्हाहूनसुद्धा उत्तर तेच, न्हाई गे ताप, उठ.

हसू आलं खरं. एकटीच हसले, रात्री साडेअकराला.

पहिली खूण माझ्यात आहे हे कुणीही सांगेल. तिसरी पण असेल, हल्ली ओके केलेला पीस परत उचलून मोजते. लागली ती दुसरी. एसएसएलसीचा, म्हणजे दहावीचा, रिझल्ट लागला तेव्हा कुणीतरी टेबलावर कुंदा ठेवून गेलं, मी खाल्ला, आणि कुणाच्या पोरीचा रिझल्ट होता हे संध्याकाळी विचारावं लागलं. पूर्वी मला सगळ्यांच्या पोरांची नावं... जाऊ दे.

डिप्रेशन तर नाही ना, ही धास्ती होतीच. पण ते कामापुरतं राहत नाही, जेवणात, माणसांत, सगळीकडं पसरतं म्हणतात. गेल्या रविवारी राजहंसगड चढताना मी दिदीच्या पोरांच्या पुढं होते आणि वर जाऊन डबाभर पुऱ्या खाल्ल्या, तेव्हा तसलं काही नसावं. परत येताना येळ्ळूरच्या रस्त्याला लागलो, उद्याचं डिस्पॅच आठवलं आणि पोटात गोळा आला तो आला. म्हणजे माझं कामापुरतंच आहे. अजून तरी. टेलिमानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा, 14416 सेव्ह करून ठेवलाय, फुकट आहे, चोवीस तास चालतो. लिस्टमध्ये टेंपोवाल्याच्या जवळपासच आलाय, घाईत चुकून कुठला लागतो बघू.

तरी ते तापाचं काही जाईना. मला वाटतं तापाला कुणी कारण विचारत नाही म्हणून तो पाहिजे होता. 101 म्हटलं की साहेब स्वतः रेस्ट घ्या म्हणतात. दमले म्हटलं की म्हणतात, सगळेच दमलेत मॅडम. आणि खोटं नाही ते. फोरमननं काल मला विचारलं, "याक सुम्म कुंतीरी मॅडम?", गप्प का बसलाय म्हणून, आणि विचारता विचारता स्वतःच स्टूल ओढून बसला, दहा मिनिटं दोघं काही न बोलता बसलो, मशीन चालूच.

शेवटी मंगळवार-बुधवारची रजा टाकली. सिक लीव्ह टाकायला हात धजला नाही, थर्मामीटरनं आधीच नाही म्हटलंय. कारणाच्या रकान्यात पर्सनल. एचआरवाली विचारणारच कुणाचं लग्न म्हणून, मे महिन्यात दुसरं कुठलं पर्सनल असतंय. आत्याच्या जावेच्या मुलाचं म्हणून सांगीन, खानापूरला.