वांगी सोलताना

डिसेंबरातल्या एका रविवारी आमच्या शाळकरी पोरांच्या अभ्यासवर्गाच्या गटप्रमुखांकडून बोलण्याचा सराव करून घेतला. समोरासमोर दोन खुर्च्या, वेळ 20 मिनिटं, आणि बाजूला तिसरं माणूस नुसतं ऐकायला. कामाचं काढायचं नाही, सल्ला द्यायचा नाही. समोरचा इथे का येतो, ते त्याच्याच तोंडून ऐकायचं. आपण 30 टक्के बोलायचं, 70 टक्के ऐकायचं.

मला हसूच आलं. खान्देशात बोलायला शिकवायचं कुणाला? बसमध्ये अनोळखी माणूस ‘आठे बठ’ म्हणून सरकतो, आणि रावेर येईस्तोवर त्याच्या केळीचा भाव नि जावयाचा स्वभाव आपल्याला पाठ झालेला असतो.

माझ्या समोर अण्णा आले. एसटीतले निवृत्त कंडक्टर. चार वर्षं आम्ही एकाच वर्गावर. तीन मिनिटांत मी गाव, मुलं, पेन्शन सगळं विचारून मोकळी झाले. मग गुडघ्यांचा विषय निघाला आणि मी निर्गुडीचा लेप सांगितला. तिसऱ्या खुर्चीतली कॉलेजातली पोरगी म्हणाली, “ताई, जनगणना झाली, दवाखानाही झाला. आता बोला ना!”

ही रीत अमेरिकेतल्या वस्तीसंघटकांची. 1940 मध्ये शिकागोत सॉल अलिन्स्कींनी ‘इंडस्ट्रियल एरियाज फाउंडेशन’ काढलं, त्या घराण्यातली. असेल. पण मला आठवला आमच्या धुळ्याचा तुरुंग. 1932 मध्ये तिथे विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत आणि साने गुरुजी ते उतरवून घेत. अमळनेरच्या पोरांना बोलून बोलून जीव लावणारा मास्तर रविवारचे रविवार नुसता कान होऊन बसला. मला 20 मिनिटं जमेना.

दुपारी भरिताचा बेत होता. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजून झाली, सोलायला अण्णा आणि मी शेजारी शेजारी बसलो. मधे पाण्याची वाटी. वांगं चटके देतं, बोटं बुडवायची, साल ओढायची. नजर वांग्यावर, त्यामुळे एकमेकांकडे बघायची सक्ती नाही. खुर्च्यांचं खरं दुखणं तेच असावं; समोरासमोर बसलं की आपल्याकडे एकतर मुलगी दाखवतात, नाहीतर भांडण मिटवतात.

आणि कुणी न विचारता अण्णा बोलू लागले.

“माझ्या गाडीला पासवाल्या पोरी असायच्या. सातवी-आठवीच्या. जून लागला की मी मोजायचो, किती कमी झाल्या. तिकीट फाडता फाडता. कोणाला विचारलं नाही कधी. कंडक्टरनं काय विचारायचं?”

माझ्या जिभेवर आलं होतं, ‘म्हणून तुम्ही वर्गाला येता होय!’ गिळलं.

बराच वेळ दोघंही नुसती वांगी सोलत होतो. मग अण्णांनी एका गावाचं नाव घेतलं, थांब्याचं नाव घेतलं, आणि एका पोरीचंही. माझ्या हातातलं वांगं गार झालं होतं. अण्णांनी पाण्याची वाटी माझ्याकडे सरकवली.