कोपराचं काम

घोरणाऱ्याला शेजारचं माणूस कोपराने ढोसतं, तो कुशीवर वळतो आणि आवाज थांबतो. अर्ध्या तासाने पुन्हा उताणा, पुन्हा तोच सूर. घरोघरी चालणाऱ्या या उपायात तथ्य आहे. अडचण एवढीच, की कोपरालाही झोप हवी असते.

उताणं झोपलं की जिभेचं मूळ आणि मऊ टाळू आपल्याच वजनाने मागे घशात सरकतात. जागेपणी स्नायू त्यांना पुढे ओढून धरतात, झोपेत तेच सैलावतात. त्यात पोट छातीचा पडदा वर ढकलतं, फुप्फुसं थोडी आखडतात आणि घशाला खालून मिळणारी ओढ कमी होते. घसा ताठ राहतो तो बराचसा या ओढीमुळे. पहाटेच्या स्वप्नांच्या झोपेत स्नायू सर्वात ढिले असतात, त्या वेळी माणूस उताणा असला तर बघायलाच नको. एकसुरी घोरण्यापेक्षा मध्येच तुटणारं घोरणं वाईट. आवाज बंद झाला म्हणून शेजारचं माणूस सुटकेचा निःश्वास टाकतं, तेव्हा कदाचित श्वासच बंद असतो. तो 10 सेकंद किंवा अधिक थांबला की ॲप्निया. मग दचकून, घशातून फुर्रकन श्वास येतो.

शिकागोच्या झोप-संशोधक रोझलिंड कार्टराइट यांनी 1984 साली एक सोपी कसोटी मांडली: उताणं असताना तासाला होणारे श्वासाचे अडथळे इतर स्थितींपेक्षा निदान दुप्पट असतील, तर आजार झोपण्याच्या स्थितीशी बांधलेला. अशा रुग्णांची संख्या थोडीथोडकी नाही. म्हणून स्लीप स्टडीच्या, म्हणजे रात्रभराच्या झोपेच्या तपासणीच्या, रिपोर्टवरचा ठळक आकडा पाहून फाइल बंद करू नये. समजा, 7 तासांच्या झोपेत 3 तास उताणं, तासाला 34 अडथळे. 4 तास कुशीवर, तासाला 6. सरासरी 18, म्हणजे 'मध्यम'. पण हा माणूस कुशीवर सौम्य आहे आणि उताणा गंभीर. तपासणीच्या रात्री तो चुकून पूर्ण वेळ कुशीवरच झोपला असता, तर रिपोर्ट हातात घेऊन खुशाल घरी गेला असता.

पाठीला टेनिसचा चेंडू बांधायची युक्ती जुनी. ती फसते ती बहुतेक शिवणकामात. ढगळ टी-शर्ट घेतला की तो अंगाभोवती फिरतो आणि सकाळी चेंडू काखेत सापडतो. अंगाबरोबर बसणारा टी-शर्ट घ्यावा, दोन्ही खांद्यांच्या फऱ्यांच्या मधोमध उभा खिसा शिवावा, त्यात मोज्यात भरलेले दोन-तीन चेंडू एकाखाली एक ठेवून तोंड शिवून टाकावं. गादी फार मऊ असेल तर चेंडू तिच्यात बुडतो आणि माणूस त्याच्यावर निवांत उताणा घोरतो. एवढं करूनही बहुतेक जण काही महिन्यांत हा सदरा कपाटात ढकलतात, कारण चेंडू टोचतो. उताणं होताच थरथरणारे, छातीला किंवा मानेला लावायचे पट्टे त्यामानाने सुसह्य, पण महाग.

पाठीशी घट्ट लावलेला लोड मला चेंडूपेक्षा माणुसकीचा वाटतो. वरचा गुडघा पुढे पडून कंबर पिळू नये म्हणून गुडघ्यांमध्ये एक उशी. खालचा हात अंगाखाली न दाबता पुढे काढावा, नाहीतर खांदा दुखतो आणि दुखरा खांदा माणसाला पुन्हा पाठीवर आणतो. डोक्याखालची उशी खांद्याचं टोक ते मान एवढं अंतर भरेल अशी, साधारण 10 ते 15 सेंमी. उताण्या माणसाला दोन जाड उशा दिल्या तर हनुवटी छातीला टेकते आणि घसा आणखी दुमडतो. त्यापेक्षा पलंगाचीच डोक्याकडची बाजू उचलावी.

कुशीवरही तासाच्या अडथळ्यांचा आकडा 30 च्या वर राहत असेल, तर चेंडू मुलांना परत द्यावेत आणि सीपॅप, म्हणजे मास्कमधून हवेचा दाब देऊन घसा उघडा ठेवणारं मशीन, वापरावं. मशीन लावणाऱ्यांनाही कूस सोडवत नाही, कारण उताणं झोपल्यावर घसा उघडा ठेवायला बहुधा जास्त दाब लागतो. फक्त मास्क उशीला घासून हवा गळू नये म्हणून तोंड उशीच्या कडेबाहेर ठेवावं आणि नळी डोक्यावरून मागे न्यावी.