खुर्चीवरचा पेटीवाला

दुखणं गेलं. हे आधीच सांगून टाकतो, कारण भेटणारा प्रत्येक जण तेच विचारतो, आणि ‘गेलं’ म्हटलं की त्याचा चेहरा खुलतो. "मग झालं तर! आता कसली काळजी?" पुढचं ऐकायला कुणी थांबत नाही.

पावसाच्या तोंडाशी माझा डावा खुबा बदलला. रात्री कूस बदलताना जांघेत जी कळ उठायची, ती दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभा राहिलो तेव्हा नव्हती. टाक्यांची जागा ठणकत होती, पण ते दुखणं निराळं. आता आनंदाने रडू येईल असं वाटलं होतं. रडू आलं, पण घरी आल्यावर, आणि कारण काय, तर पेजेचा चमचा हातातून निसटून खाटेखाली गेला. घरात कुणी नव्हतं. खाली वाकायचं नाही, खुबा नव्वद अंशांपेक्षा जास्त दुमडायचा नाही, पायावर पाय टाकायचा नाही, पाऊल आत वळवायचं नाही, असं सगळं पाठ करवून घेतलेलं. समोर पेज निवत होती, चमचा दिसत होता, आणि चोपन्न वर्षांचा मी मुसमुसत होतो. बायको देवळातून आली. तिने चमचा उचलला, धुतला, हातात दिला आणि काही विचारलं नाही. त्याबद्दल मी तिचा ऋणी आहे.

हे सुरू झालं 2021 च्या मे महिन्यात. गोव्यात कोरोनाचे ते दिवस ज्यांनी काढले त्यांना वेगळं सांगायला नको. मी ऑक्सिजनवर होतो, आणि स्टेरॉइड्स दिली म्हणून वाचलो. वर्षभराने गुडघा दुखायला लागला. गुडघ्याचा एक्स-रे स्वच्छ. तेल चोळून झालं, पट्टा बांधून झाला. खुब्याचं दुखणं गुडघ्यात उतरतं हे तोवर मला कुणी सांगितलं नव्हतं. शेवटी एमआरआय काढला तेव्हा कळलं की मांडीच्या हाडाच्या वरच्या गोळ्याला रक्त पोचत नाहीये, हाड आतून मेलंय आणि वरून खचायला लागलंय. अगदी सुरुवातीला कळलं असतं तर हाडाला भोक पाडून आतला दाब कमी करून बघतात. एकदा गोळा खचला की मग बदलणं आलं.

याची नेहमीची दोन कारणं डॉक्टरांनी सांगितली, स्टेरॉइड आणि दारू. वाड्यावर पसरलं ते अर्थातच दुसरं. गोव्यात राहून फेणीला न शिवणारा माणूस असू शकतो हे लोकांना पटत नाही. नातेवाइकांत एकाने तर "आता तरी सोड" असा सल्लाही दिला. त्याचं हसू येतं. ज्याचं हसू येत नाही ते असं, की ज्या औषधाने श्वास दिला त्यानेच बहुधा खुबा खाल्ला. बहुधा. नक्की कुणी सांगू शकत नाही. कुणावर तरी सरळ चिडता आलं असतं तर बरं झालं असतं. त्या वॉर्डात माझ्या शेजारच्या खाटेवरचा माणूस घरी परतला नाही. त्याची आठवण आली की खुब्याबद्दल कुरकुरायची लाज वाटते, आणि लाज वाटली म्हणून कुरकुर काही थांबत नाही.

रात्री उताणंच झोपायचं, दोन पायांमध्ये उशी. झोप लागत नाही, मग मोबाइल. या शस्त्रक्रियेचा आजचा प्रकार इंग्लंडच्या जॉन चार्नलींनी 1962 मध्ये बसवला. त्याआधी ते गोळा जिच्यात फिरतो त्या वाटीसाठी टेफ्लॉन वापरत. ती वाटी काही वर्षांतच झिजली आणि बिचाऱ्या पेशंटांची पुन्हा ऑपरेशनं करावी लागली. मग नवं प्लास्टिक कसं वागतं हे बघायला या गृहस्थांनी त्याचे तुकडे स्वतःच्या मांडीत घालून घेतले. दिवसा वाचलं असतं तर मी हात जोडले असते. पहाटे तीनला फक्त ‘झिजली’ एवढंच डोक्यात राहतं. 2019 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासात आहे की साधारण 58 टक्के बदललेले खुबे 25 वर्षं टिकतात. माझं गणित लगेच सुरू. चोपन्न अधिक पंचवीस, एकोणऐंशी. म्हणजे एकोणऐंशीव्या वर्षी पुन्हा कापाकापी? आणि मी उरलेल्या बेचाळीस टक्क्यांतला असेन तर? अजून दोन वर्षं कळ सोसली असती तर हिशेब पुढे ढकलता आला असता का? असं करत करत कोंबडा आरवायचा.

त्यात पाय लांब झाल्याची भावना. डावा पाय उजव्यापेक्षा चांगलाच मोठा वाटायचा, पायऱ्या उतरताना जमीन लवकर यायची. बूट घेऊन चांभाराकडे जायची तयारी केली होती, तर फिजिओथेरपीला येणारी मुलगी म्हणाली, "काका, थांबा." तिने टेपने मोजून दाखवलं, पाय सारखेच. गोळा खचल्यामुळे माझा पाय आखूड झाला होता आणि मेंदूला त्या आखूड पायाचीच सवय लागली होती. कमरेच्या बाजूचे स्नायूही लंगडून लंगडून ढिले पडले होते. "टाच चढवलीत तर शरीर कधीच जुळवून घेणार नाही." तिचं म्हणणं बरोबर निघालं, पण हळूहळू. काठी उजव्या हातात, म्हणजे ऑपरेशनच्या पायाच्या विरुद्ध बाजूला धरायची हेही तिनेच शिकवलं. त्यावरून बाजारात रोज एक तरी माणूस मला सुधारायला येतो.

फॅमिली डॉक्टरांना शेवटी सांगून टाकलं की झोप नाही, जेवण जात नाही, उगाच डोळे भरतात. त्यांनी गोळ्यांची यादी तपासली, एक कमी केली, आणि मग सरळ विचारलं, "जगावंसं वाटत नाही, असं काही मनात येतं का?" मी नाही म्हटलं, आणि ते खरं होतं. पण कुणीतरी ते तोंडाने विचारलं याने छातीवरचं ओझं बरंच उतरलं. मोठ्या ऑपरेशननंतर हे पुष्कळांना होतं, म्हणाले. लांबलं तर पुढे पाठवतो. हॉस्पिटलातून सुटताना रक्त पातळ ठेवायच्या गोळ्यांबद्दल तीनतीनदा बजावलं होतं, याबद्दल चकार शब्द नाही.

डाव्या पायाची नखं मला कापता येत नाहीत. बायको बुटक्या पाटावर बसते, माझा पाय मांडीवर घेते आणि चष्मा नाकावर ओढून एकेक नख कापते. लग्नाला एवढी वर्षं झाली, पण माझी पावलं तिने इतक्या जवळून कधी पाहिली नसतील. "अंगठ्याचं नख अगदी सासूबाईंसारखं आहे तुमचं," असं मध्येच म्हणाली. मला पाय ओढून घ्यावासा वाटतो आणि ओढता येत नाही. हे चांगलं वाटतं की वाईट, अजून ठरलेलं नाही.

पण खरं दुखणं पेटीचं. आमच्या फोंड्याकडच्या देवळात मी कित्येक वर्षं भजनाला पेटीवर बसतो. वास्कोच्या दामोदर सप्ताहालाही गेलोय, चोवीस तास अखंड भजन चालतं तिथे. मांडी घातली की तीन-चार तास हलायचं नाही. आता जमिनीवर बसायचंच नाही. पुढे कधी तरी जमेल का, तर डॉक्टर म्हणतात, "बघू."

श्रावणात सोमवारी गेलो. सगळ्यांनी हौसेने खुर्ची ठेवली होती, पुढ्यात प्लास्टिकचं टेबल, त्यावर पेटी. टेबल उंच, त्यामुळे भात्याचा हात खांद्यापासून अवघडला. ते सोसलं असतं. पण खाली बसलं की पखवाजवाल्याचा चेहरा समोर असतो. बुवांनी नुसती भुवई उचलली तरी कळतं की आता गजर धरणार. खुर्चीवरून मला दिसत होती ती सगळ्यांची टक्कलं. बुवा समेवर आले, मी मागे राहिलो. दोनदा. कुणी वळून पाहिलं नाही, आणि तेच जास्त लागलं. घरी येऊन पेटीवर कापड टाकलं ते चांगले दोन आठवडे काढलं नाही.

ते निघालं भाच्यामुळे. तो म्हणाला, "मामा, तुमच्यासाठी आम्ही खाली का बसायचं? पखवाजवाल्यालाही स्टूल द्या की." बुवांना हे सांगितलं तर ते आधी चिडले, देवासमोर भजन खालीच बसून व्हायला हवं म्हणाले. मग स्वतःचे गुडघे चोळत विचारात पडले. त्यांचीही सत्तरी जवळ आलीय.

आता चतुर्थी तोंडावर आहे. यंदा गणपतीच्या डोक्यावर फळापानांची माटोळी बांधायला मला शिडीवर चढू देणार नाहीत, मुलगा बांधेल आणि मी खालून चुका काढेन. आरत्या उभ्यानेच असतात, तेवढं बरं. घुमट वाजवायला कुणीही असो, तिथे मला पुरतं उभं राहता येतं.

काल पेटीचं टेबल मापाने करून घ्यायला मेस्ताला बोलावलं. खुर्चीची बैठक उंच हवी, खुबा गुडघ्यापेक्षा वर राहायला हवा, आणि टेबल मात्र बुटकं, असं सगळं त्याला बसून दाखवलं. त्याने मापं पाटीवर लिहिली आणि विचारलं, "थोड्या दिवसांसाठी की कायमचं? कायमचं असेल तर फणसाचं करतो, नाहीतर प्लायवूड पुरे." मी प्लायवूड म्हटलं. आतून बायको ओरडली, "फणसाचं करा हो!" मेस्त म्हणाला, आधी दोघांनी ठरवा आणि मग फोन करा. आगाऊ पैसे मात्र घेऊन गेला.